प्रोकोपिअसचा युद्धेतिहास आणि जस्टिनिअनची साम्राज्याकांक्षा

सहाव्या शतकातील पूर्व रोमन साम्राज्याची बरीचशी हकीकत ज्याच्या लेखणीवाचून आपणांस कळलीच नसती, त्या प्रोकोपिअसच्या नावावर तीन ग्रंथ आहेत. पहिला आठ खंडांचा 'युद्धांचा इतिहास'. दुसरा, सम्राट जस्टिनिअनने बांधविलेली चर्चे, किल्ले आणि जलवाहिन्या यांचे वर्णन करणारा 'इमारती' हा स्तुतिपर ग्रंथ. तिसरा 'गुप्त इतिहास'. सम्राट जिवंत असेतो हा उजेडात आणता येणे शक्य नाही, असे ग्रंथकारच त्याच्या आरंभी सांगतो. या तिसऱ्या ग्रंथाचे हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात निकोलो अलेमान्नी यास आढळले व त्याने ते १६२३ साली लियाँ येथे छापून प्रसिद्ध केले. तेव्हापासून अभ्यासकांपुढे एक कोडे उभे राहिले आहे. जो लेखक एका ग्रंथात बेलिसॅरिअसच्या विजयांची गाथा लिहितो आणि दुसऱ्यात सम्राटाच्या बांधकामांचे पोवाडे गातो, तोच तिसऱ्यात त्या सम्राटास मनुष्यरूपी पिशाच ठरवितो. तेव्हा यांतला खरा प्रोकोपिअस कोणता?

या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, 'युद्धांचा इतिहास' हा दरबारी चौकटीत राहून लिहिलेला, आणि मनातले सारे विष 'गुप्त इतिहासा'त ओतलेले. हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते टिकून राहिले असावे. माझ्या मते ते 'युद्धांच्या इतिहासा'वर अन्याय करणारे आहे. जस्टिनिअनच्या साम्राज्याकांक्षेची सर्वांत कठोर आणि सर्वांत विश्वसनीय मीमांसा 'गुप्त इतिहासा'त नाही. ती या प्रकट ग्रंथातच आहे आणि सम्राट सिंहासनावर असताना ती लोकांपुढे मांडली गेली आहे. आठव्या खंडाच्या आरंभी प्रोकोपिअस स्वतः सांगतो की, आधीचे सात खंड साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांत पोचले असल्याने त्यांत आता भर घालता येत नाही. म्हणजे पुढे ज्या स्थळांचा निर्देश करावयाचा आहे, ती सारी कॉन्स्टँटिनोपलातील वाचकांनी जस्टिनिअनच्या हयातीतच वाचलेली होती. ही गोष्ट ध्यानी ठेवूनच ग्रंथ वाचावयास हवा.

लेखकाच्या चरित्रापैकी येथे थोडेच पुरेसे आहे. पॅलेस्टाइनमधील सीझरिया येथील हा गृहस्थ ५२७ साली तरुण सेनापती बेलिसॅरिअसचा सल्लागार झाला. इराणी सरहद्दीवर, आफ्रिकेत आणि इटलीत तो सेनेबरोबर होता. ५४२ च्या महामारीच्या वेळी तो राजधानीत होता. आपण स्वतः पाहिले म्हणून आपण लिहिण्यास अधिकारी आहोत, हा त्याचा दावा थ्युसिडिडीझच्या परंपरेतला आहे, आणि भाषाही त्याने तिकडूनच घेतली आहे. तथापि थ्युसिडिडीझ अथेन्सचा सेनानी होता; हा सेनापतीच्या पदरी असलेला लेखनिक. युद्ध करावे की करू नये हे ठरविणाऱ्या मंडळींत त्यास जागा नव्हती. जे ठरले त्याचे परिणाम मात्र त्याने गलबताच्या फळीवरून आणि वेढ्यातल्या नगराच्या तटावरून पाहिले. त्याच्या ग्रंथाचे सारे बलस्थान या एका गोष्टीत आहे.

तिसऱ्या खंडातील ५३३ सालच्या आफ्रिका-मोहिमेचा आरंभ पाहावा. ५३२ साली जस्टिनिअनने इराणच्या खुस्रूशी 'शाश्वत' म्हणविला गेलेला तह केला व त्यासाठी अकरा हजार पौंड सोने मोजून दिले. पूर्वेकडची सेना मोकळी झाली. कार्थेजला व्हँडलांचा राजा हिल्डेरिक यास गेलिमरने ५३० सालीच पदच्युत केले होते. तेवढे निमित्त सम्राटास पुरेसे होते. आता मंत्रिमंडळापुढे आफ्रिकेचा विषय निघतो. उपस्थितांपैकी प्रत्येकास ४६८ सालची, सम्राट लिओने पाठविलेली आणि बॅसिलिस्कसच्या हातून बुडालेली मोहीम आठवत असते. तिच्यावर एक लक्ष तीस हजार पौंड सोने खर्ची पडले होते, असे ग्रंथकाराने आधीच सांगून ठेवले आहे. सेनापती मनातून धास्तावले आहेत. इराणच्या रणांगणावरून नुकते परतलेले, घरचे सुख अजून न चाखलेले सैनिक हवालदिल झाले आहेत. पण तोंड कोणी उघडीत नाही. उघडतो तो एकटा कॅपाडोशियाचा जॉन, राज्याचा महसूलप्रमुख.

या जॉनविषयी प्रोकोपिअसच्या मनात तीव्र तिटकारा आहे. इतरत्र तो त्यास लोभी, अशिक्षित, दुराचारी म्हणतो. आणि तरीही या सभेतले शहाणपणाचे भाषण त्याने त्याच्याच मुखी घातले आहे. कार्थेज खुष्कीच्या मार्गाने एकशे चाळीस दिवसांवर आहे. समुद्रमार्गे गेल्यास अफाट सागर ओलांडावा लागेल. तेथे काय घडले याची वार्ता परत येण्यास वर्ष लागेल. आणि जिंकलात तरी, सिसिली व इटली दुसऱ्यांच्या हाती असता, आफ्रिका राखणार कशी, असा त्या भाषणाचा रोख आहे. सम्राटाचा उत्साह त्याने ओसरतोही. मग पूर्वेकडून एक बिशप येतो, परमेश्वराने आपणांस स्वप्नात दर्शन देऊन सम्राटाची कानउघाडणी करावयास सांगितले आहे, असे म्हणतो, आणि मोहीम ठरते. ग्रंथकार यावर एक अक्षरही भाष्य करीत नाही. एका पारड्यात अंतर, काळ, पैसा यांचा हिशोब आणि दुसऱ्यात एक स्वप्न, एवढे मांडून तो पुढे जातो. पुढे त्यास स्वतःलाही एक शुभस्वप्न पडते व त्याची भीती जाते, हेही तो प्रामाणिकपणे नमूद करतो. म्हणून ही सरळसरळ उपरोधाची जागा आहे असे म्हणता येत नाही. मोहीम यशस्वी झाली आणि जॉनचा हिशोब चुकला, हे लिहिताना त्यास ठाऊक होते. तरीही त्या हिशोबातले शेवटचे कलम चुकले नव्हते, हेही त्यास ठाऊक होते. कारण जिंकलेला प्रांत राखण्याची हकीकत त्यानेच पुढे लिहिली आहे.

पाचशे गलबते, तीस हजार खलाशी, दहा हजार पायदळ आणि पाच हजार घोडेस्वार असा हा ताफा निघाला. मिथोनीला पोचेपर्यंत शिबंदीतला पाव कुजून गेला. सैनिकांसाठीचा पाव दोनदा भाजावा लागतो, म्हणजे तो टिकतो. तसे केल्याने त्याचे वजन चतुर्थांशाने घटते. जॉनने सरपण, भटारखान्याची मजुरी आणि वजनातली घट ही सारी वाचवावी म्हणून कच्चा पाव राजधानीतील अकिलीझच्या स्नानगृहाच्या भट्टीवर नुसता शेकवून पोत्यांत भरविला होता. पोती उघडली तो आत भुगा. ऐन उन्हाळ्यात तो मापाने वाटला गेला आणि पाचशे माणसे मेली. बेलिसॅरिअसने स्थानिक पाव विकत घेऊन सम्राटास वृत्त कळविले. सम्राटाने सेनापतीची वाखाणणी केली, पण जॉनला त्या वेळी काही शासन झाले नाही. युद्धेतिहासात भटारखान्याचा हा जमाखर्च यावा, हे मला त्या ग्रंथाच्या थोरवीचे लक्षण वाटते. साम्राज्याच्या महत्त्वाकांक्षेची किंमत प्रथम कोण देतो, हे शत्रूचे तोंड दिसण्यापूर्वीच वाचकास कळून चुकते.

पुढला विजय वेगाने येतो. सप्टेंबर ५३३ मध्ये आद् देकिमम येथील लढाई, डिसेंबरात त्रिकामारम, मग डोंगरात वेढला गेलेला गेलिमर. पावाचा एक तुकडा, डोळा पुसण्यास स्पंज आणि आपल्या दुर्दैवावरचे गीत गावयास वीणा, एवढेच तो वेढा घालणाऱ्यांपाशी मागतो. ५३४ साली कॉन्स्टँटिनोपलात विजयसोहळा होतो. सम्राटांखेरीज कोणाच्या वाट्यास सुमारे सहाशे वर्षांत न आलेला हा मान होता, असे प्रोकोपिअस म्हणतो. परंतु पुढच्याच वाक्यांत कळते की बेलिसॅरिअस रथातून आला नाही, आपल्या घरापासून पायी चालत आला. बंदिवान राजा सर्व काही व्यर्थ असल्याचे बायबलातील वचन पुटपुटत राहतो. शेवटी त्यास सम्राटापुढे पालथे घालण्यात येते, आणि त्याच्याच जोडीने बेलिसॅरिअसही जमिनीवर लोटांगण घालतो. जिंकणारा आणि जिंकलेला एकाच फरशीवर! या प्रसंगी तरी लेखकाने मुद्दाम चित्र जुळविले आहे, असे मानावयास हरकत नाही.

येथे इतिहासाचा एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. जस्टिनिअनने आरंभापासूनच संपूर्ण पश्चिम साम्राज्य परत घेण्याचा संकल्प केला होता, असे पाठ्यपुस्तकांतून सर्रास लिहिलेले आढळते. पुरावा तसा नाही. प्राचीन रोमनांनी दोन्ही महासागरांपर्यंत जे मिळविले आणि पुढे निष्काळजीपणाने गमावले, ते सारे ईश्वर आपणांस परत देईल, अशी आशा सम्राटाने ५३६ सालच्या एका कायद्यात बोलून दाखविली. ती आफ्रिका हाती आल्यानंतरची आहे. थोडक्या सैन्यानिशी आणि नशिबाच्या बळावर मिळालेल्या एका विजयातून आकांक्षा वाढत गेली, असेच प्रोकोपिअसच्या कथनावरून दिसते. सभेत कचरणारा, बिशपाच्या स्वप्नाने सावरणारा हा सम्राट मोठी योजना आखून बसलेला पुरुष नव्हे. या बाबतीत आपला लेखक पाठ्यपुस्तकांपेक्षा अधिक सूक्ष्म आहे.

विजयानंतर काय झाले, हे चौथ्या खंडात आहे. सैनिकांनी व्हँडल स्त्रियांशी विवाह केले. त्या स्त्रिया आपल्या जुन्या जमिनींवर हक्क सांगू लागल्या. सरकारने जमिनी खजिन्यात जमा केल्या. एरियन पंथाच्या सैनिकांस उपासनेची बंदी झाली. मूर टोळ्यांचे हल्ले चालूच होते. ५३६ च्या ईस्टरला बंड उसळले आणि सेनापती सॉलोमनबरोबर स्वतः प्रोकोपिअसला होडीतून सिराक्यूज गाठावे लागले. हे बंड, त्यामागून दुसरे, मग मूरांशी युद्ध, अशी बारा वर्षे गेली. खंडाच्या अखेरीस तो एवढेच लिहितो की, जे थोडे आफ्रिकावासी जिवंत राहिले, त्यांना अत्यंत दारिद्र्यात का होईना, पण अखेर कशीबशी शांतता लाभली. 'गुप्त इतिहासा'त हीच गोष्ट पन्नास लक्ष लोक मेले, अशी येते; आणि साऱ्या जगातील मृतांचा आकडा तर गणिताच्या पलीकडचा. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत. आकड्याने वाचक दचकतो, पण त्यावर विश्वास ठेवीत नाही. पहिल्या वाक्याला आकडाही नाही, विशेषणही जेमतेम, आणि त्यातून सुटका नाही.

सम्राटाच्या आकांक्षेवर उघड आरोपपत्र दुसऱ्या खंडाच्या आरंभी येते, मात्र ते शत्रूच्या दरबारात. ५३९ च्या सुमारास गॉथ राजा विटिगिसचे दूत आणि पाठोपाठ आर्मेनियाचे दूत खुस्रूकडे जातात. आर्मेनियनांचे भाषण मोठे जळजळीत आहे. या माणसाने आमच्यावर कर बसविला, शेजारच्या जमातींस दास केले, लाझींवर अधिकारी नेमला, पश्चिमेची राज्ये गिळली. सारी पृथ्वी त्यास अपुरी पडते आहे, आता तो आकाशाकडे आणि महासागरापलीकडील प्रदेशाकडे नजर लावून बसला आहे, असा त्याचा आशय. सल्लाही दिला आहे: पश्चिम गिळून झाल्यावर तो तुमच्याकडे वळेल, तेव्हा आजच शस्त्र उचला. ५४० साली खुस्रूने तह मोडून अँटिऑक जाळले.

हे भाषण म्हणजे लेखकाचे स्वतःचे मत, असे धरावे काय? अँथनी काल्डेलिस यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात प्रोकोपिअस हा प्राचीन ग्रंथांच्या सूचक उल्लेखांआडून जुलमी राजवटीवर प्रहार करणारा लेखक आहे, असे प्रतिपादन केले आहे. त्यापूर्वी, १९८५ साली, ॲव्हरिल कॅमेरॉन यांनी तिन्ही ग्रंथ एकाच मनाची आणि एकाच ख्रिस्ती समाजाची निर्मिती म्हणून एकत्र वाचण्याचा आग्रह धरला होता. दोघांपैकी पहिल्यांचे वाचन मला अधिक चैतन्यपूर्ण वाटते, पण ते लेखकास गरजेपेक्षा अधिक धूर्त बनविते. शत्रूच्या तोंडी उत्तम युक्तिवाद घालणे ही ग्रीक इतिहासलेखनाची जुनी रीत आहे. तेवढ्यावरून मत सिद्ध होत नाही. त्याहून लहान, पण बळकट पुरावा शेजारीच आहे. जस्टिनिअनने इराणच्या अंकित अरब सरदारास फितविण्याचा प्रयत्न केला आणि हूणांस इराणवर चाल करण्याविषयी पत्र पाठविले, असा खुस्रूचा आरोप होता. 'युद्धांच्या इतिहासा'त हा आरोप देऊन प्रोकोपिअस म्हणतो, तो खरा की खोटा हे मला सांगता येत नाही. 'गुप्त इतिहासा'त तोच आरोप तो खरा म्हणून मांडतो. प्रकट ग्रंथात त्याने आरोप गाळला नाही, त्याचे खंडनही केले नाही. फक्त निर्णयाची जागा रिकामी ठेवली. त्याच्या लेखनपद्धतीची किल्ली या रिकाम्या जागेत सापडते, असे मला वाटते. जे म्हणावयाचे ते तो घटनांच्या क्रमातून म्हणतो आणि स्वतःची सही करीत नाही.

ओघात एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पहिल्या खंडात, इराणी व्यापाऱ्यांना वगळून हिंदी लोकांकडून रेशीम परस्पर विकत घ्यावे, असा प्रस्ताव जस्टिनिअनने अक्सूमच्या राजाकडे धाडल्याची हकीकत आहे. ते जमले नाही, कारण हिंदी गलबते ज्या बंदरांत प्रथम लागत तेथे इराणी व्यापारी आधीच ठाण मांडून असत आणि सगळा माल उचलीत. याच काळातील कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या लेखकाने पश्चिम किनाऱ्यावरील पेठांत कल्याणचा उल्लेख केला आहे. हे आपले ठाण्याजवळचे कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेथील ख्रिस्ती बिशपाची नेमणूकही इराणातून होत असे, असे तो म्हणतो. भूमध्यसमुद्र जिंकू पाहणाऱ्या सम्राटाचा हात कोकणकिनाऱ्याच्या व्यापारापर्यंत का पोचू शकला नाही, हे या दोन नोंदी जोडून वाचल्या म्हणजे उमगते.

इटलीच्या युद्धाचे खंड, पाचवा ते सातवा, हे ग्रंथाचे हृदय होय. बेलिसॅरिअस ९ डिसेंबर ५३६ रोजी रोममध्ये शिरला, तेव्हा त्याच्यापाशी पाच हजार माणसे होती. विटिगिसने एक वर्ष नऊ दिवस शहर वेढून धरले. गॉथांनी जलवाहिन्या तोडल्या, तेव्हा टायबरच्या पात्रात होड्यांवर पिठाच्या चक्क्या उभारण्यात आल्या. हेड्रिअनच्या समाधीवर हल्ला झाला, तेव्हा रक्षकांनी तेथील संगमरवरी पुतळे फोडून त्यांचे तुकडे गॉथांच्या डोक्यांवर टाकले. रोम परत मिळविण्यासाठी रोमच फोडावे लागले, असे एखादा अलंकारप्रिय लेखक येथे म्हणाला असता. प्रोकोपिअस पुतळे मोठे होते आणि संगमरवराचे होते, एवढेच सांगतो. ५३९ च्या दुष्काळात पिसेनममध्ये पन्नास हजार शेतकरी मेल्याचे तो ऐकीव म्हणून देतो; भुकेलेल्यांची कातडी कशी हाडांस चिकटली, रंग कसा पालटला आणि गवत उपटता उपटता माणसे कशी कोसळली, हे मात्र पाहिल्याप्रमाणे.

५४० साली रॅव्हेना हाती आले आणि युद्ध संपावयास हवे होते. संपले नाही. ते का, याचे उत्तर सातव्या खंडाच्या आरंभी आहे आणि माझ्या प्रतिपादनाचा तो मुख्य आधार आहे. सम्राटाने अलेक्झांडर नावाचा हिशोबतपासनीस रॅव्हेनास धाडला. सोन्याच्या नाण्यांच्या कडा गोलाई न बिघडू देता कातरण्याच्या कसबामुळे लोक त्यास 'कातर' म्हणत. याने इटालियनांकडून थेओडोरिकच्या काळापासूनचे जमाखर्च मागितले, आणि सैनिकांच्या जखमांचा व संकटांचा मोबदला आकडेमोड करून छाटला. परिणामी प्रजा मनातून फिरली आणि सैनिक लढेनासे झाले. टोटिलाचा उदय ५४१ चा आहे. पराभवाचे हे कारण दैव नाही, ईश्वरी कोपही नाही. ते सम्राटाच्याच खजिन्यातून निघालेले आहे, आणि प्रोकोपिअसने ते प्रकट ग्रंथात, नावानिशी लिहिले आहे. 'गुप्त इतिहासा'तला बिनमुंडक्याचा, रात्री राजवाड्यात हिंडणारा जस्टिनिअन यापुढे पोरकट वाटतो. तीच गोष्ट पुढल्या प्रसंगाची. टोटिलाने डिसेंबर ५४६ मध्ये रोम घेतले, तेव्हा सामान्य प्रजेपैकी अवघी पाचशे माणसे शहरात उरली होती. सिमेकसची कन्या व तत्त्वज्ञ बोईथिअसची विधवा रस्टिसिआना दारोदार भाकर मागत होती. पुढे टोटिला निघून गेला आणि शहरात कोणीच राहिले नाही.

ग्रंथाच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. मोठे आकडे त्यास आवरत नाहीत. मिलानमध्ये तीन लक्ष पुरुष मारले गेल्याचे त्याचे विधान कोणीही स्वीकारू नये. त्याची सहानुभूती जमीनदार वर्गाकडे झुकलेली आहे. आणि विचाराच्या बाजूने पाहता, जेथे कारणमीमांसा अधिक खोल जावयास हवी, नेमके तेथे तो दैवाचा आश्रय घेतो. अँटिऑकच्या विध्वंसाविषयी लिहिताना आपणांस भोवळ येते आणि ईश्वराचा हेतू कळत नाही, असे तो म्हणतो. हा आक्रोश खरा आहे. परंतु पश्चिमेच्या युद्धासाठी पूर्वेची सरहद्द दुबळी ठेवली गेली, हे गॉथ दूतांच्या भाषणातून त्यानेच सुचविलेले असता, येथे त्याने ती दोन टोके जोडली नाहीत. 'इमारती'विषयी येथे फारसे लिहीत नाही. सरहद्दीवरील किल्ल्यांच्या याद्या म्हणून त्याचे मोल आहे, वाङ्मय म्हणून अल्प.

आठवा खंड नंतर लिहिला गेला आणि तो पूर्वीच्यांसारखा रणभूमीनुसार विभागलेला नाही. इटलीत आता वृद्ध खोजा नार्सेस मोठी सेना घेऊन उतरतो. ५५२ साली टोटिला पडतो. मग व्हेसुव्हिअसच्या परिसरात शेवटची लढाई होते आणि गॉथांचा अखेरचा राजा टेइआस पुढे येतो. त्याचा पराक्रम पुराणवीरांच्या तोडीचा होता, असे प्रोकोपिअस म्हणतो, आणि इतक्या सढळ हाताने त्याने येथे नार्सेसला वाखाणलेले नाही. टेइआसच्या ढालीत बारा भाले रुतून बसतात, ती हलविणे अशक्य होते. तो जागेवरून न हटता नवी ढाल मागतो, आणि ती बदलण्याच्या क्षणी छाती उघडी पडून भाल्याने मरतो. दुसऱ्या दिवशीही गॉथ लढतात. नंतर ते निरोप धाडतात की, सम्राटाचे प्रजाजन होऊन राहण्याची आमची इच्छा नाही. आमचे साठविलेले धन घेऊन आम्हांस अन्य रानटी लोकांत जाऊन राहू द्यावे. व्हिटेलिअनचा पुतण्या जॉन हा, मरावयास सिद्ध झालेल्यांशी आणखी लढू नये, असा सल्ला नार्सेसला देतो आणि तो मानला जातो. अठरा वर्षांच्या युद्धाने ज्यांना प्रजा करावयाचे होते, त्यांची ही मागणी नोंदवून, युद्धाचे अठरावे वर्ष संपले, असे लिहून प्रोकोपिअस लेखणी खाली ठेवतो.